गोळ्यांची एजन्सी आणि घरातल्या बायका

(रामवाडी, पेण इथे झालेल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला आज बोलायला विषय दिला आहे 'घरचा धंदा आणि बाई'. शेतीबद्दल आपण बोलत आलो आहोत. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, पुढे शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला, आणि अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे केला. सातबाऱ्यावर बाईचं नाव हवं, हे निदान बोलायला तरी लोकांना आता जड जात नाही. पण दुकान, गाळा, कारखाना, एजन्सी यांचं काय? आपलं पेण म्हणजे घरच्या धंद्यांचं गाव. गणपतीचे कारखाने घ्या, पापड घ्या, पोहे घ्या. बाहेर पाटी पुरुषाच्या नावाची आणि आत कामाला हात बायकांचे, हे आपण रोज बघतो.

मी त्यातला एकच धंदा घेते, कारण तो मला आतून माहीत आहे. माझं माहेर इथलंच. माझ्या माहेरी गोळ्या-चॉकलेटची एजन्सी आहे. पन्नास वर्षांहून जास्त झाली, तिसरी पिढी चालवते आहे. म्हणजे 'तिसरी पिढी' म्हणताना लोक आजोबा, बाबा आणि दादा असे तीन मोजतात. मी आज उरलेल्या तिघींबद्दल बोलणार आहे.

आधी थोडं बाहेरचं सांगते. गोळी म्हटली की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे रावळगाव येतं. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं हे गाव. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली तिथे साखर कारखाना काढला. १९४२ पासून रावळगावच्या गोळ्या निघू लागल्या. पुढे पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक अशी नावं घराघरात गेली. पण बाजारात स्पर्धा वाढली, कच्चा माल महागला, रुपयाच्या गोळीत काही उरेना. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने हा गोळ्यांचा धंदा रिलायन्सच्या कंपनीला २७ कोटी रुपयांना विकला.

आता नीट ऐका, त्यांनी विकलं काय? जमीन विकली नाही, इमारत विकली नाही, यंत्रं विकली नाहीत. विकली ती नावं, गोळ्या बनवायच्या कृती आणि त्यांवरचे हक्क. नुसत्या नावाची आणि कृतीची किंमत २७ कोटी! म्हणजे धंद्यात जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, त्यालाही किंमत असते आणि ती कागदावर लिहिता येते. मग घरच्या एजन्सीत बाईने तीस-चाळीस वर्षं केलेलं काम तेवढं मोजता येत नाही, असं कसं?

दुसरं उदाहरण परदेशातलं. जर्मनीत हारिबो नावाची गोळ्यांची मोठी कंपनी आहे. अस्वलाच्या आकाराच्या मऊ गोळ्या तिनेच आणल्या. १९२० साली बॉन शहरात हान्स रीगेल नावाच्या माणसाने ती काढली. भांडवल म्हणजे साखरेचं एक पोतं, तांब्याची कढई, संगमरवरी फरशी असलं किडूकमिडूक. दुसऱ्या वर्षी त्याची बायको गेर्ट्रूड धंद्यात पहिली कामगार म्हणून आली. रोज बनलेला माल ती सायकलवरून गिऱ्हाइकांना पोचवायची. म्हणजे त्या कंपनीची पहिली वितरक ती. १९४५ मध्ये नवरा वारला, मुलगे युद्धकैदी होते, तेव्हा ते परत येईपर्यंत धंदा तिनेच सांभाळला. आणि कंपनीचं नाव? हान्समधला 'हा', रीगेलमधला 'री', बॉनमधला 'बो'. नवऱ्याचं नाव आलं, आडनाव आलं, गावाचंही आलं. गेर्ट्रूडचं अक्षरसुद्धा नाही. तेव्हा हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका.

आता आमच्या घरात येते.

आजोबांनी १९६८ साली एजन्सी घेतली. कंपनीकडे अनामत भरायची होती, पैसे नव्हते. आजीच्या पाटल्या मोडल्या, चार तोळ्यांच्या. घरात ही गोष्ट नेहमी सांगतात, पण सांगताना म्हणतात, 'आजोबांनी हिंमत केली.' तेव्हा गोळ्या डब्यांतून सुट्या यायच्या. त्या निवडायच्या, फुटलेल्या बाजूला काढायच्या, शंभर-शंभरच्या पुड्या बांधायच्या. हे काम आजी करायची, रात्री जेवणं आटोपल्यावर. सकाळी आजोबा त्या पुड्या सायकलला लावून वडखळ, नागोठण्याकडे लाईनवर जायचे. लाईन त्यांची, पुड्या आजीच्या.

कोकणातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात गोळीला पाणी सुटतं, गोळ्या एकमेकींना चिकटतात, कागद निघत नाही. मुंग्या वेगळ्याच. अख्खा माल वाया जाऊ शकतो. आमच्याकडे माल ओटीवर आणि माजघरात असायचा. जमिनीपासून वर फळ्या टाकणं, बरण्यांची झाकणं कापडाने आवळणं, पाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणं, उघडीप दिसली की खोकी हलवणं, हे सगळं आजीने बसवलं आणि १९८४ साली लग्न होऊन आलेल्या माझ्या आईने पुढे चालवलं. आजच्या भाषेत याला गोदाम व्यवस्थापन म्हणतात, त्याला पगार असतो. आमच्याकडे त्याला 'घर आवरणं' म्हणायचे.

आईचं दुसरं काम चिल्लरचं. चार आण्याची, आठ आण्याची गोळी विकणारा दुकानदार पैसे देणार चिल्लरमध्येच. पिशव्या भरून नाणी यायची. ती मोजायची, गठ्ठे करायचे, आणि ज्या दुकानदारांना सुट्टे हवेत त्यांना द्यायचे. ३० जून २०११ ला चार आण्याचं नाणं बंद झालं, तोवर आईची दुपार यातच जायची. उधारीची वहीही तीच लिहायची. कुणाचं किती थकलं, कोण गणपतीनंतर देतो, कोण देतच नाही, हे तिला तोंडपाठ. कंपनीचा माणूस आला की त्याला जेवायला घालायचं तिने, आणि हिशेबाला बसायचं बाबांनी. मध्येच बाबा आत येऊन तिला विचारून जायचे, 'रोह्याच्या त्या पार्टीचं किती राहिलं गं?'

तिसरी वहिनी. ती बी.कॉम. आहे. २०१७ साली जीएसटी आला, तेव्हा निम्म्या छोट्या वितरकांची गाळण उडाली. वहिनी टॅली शिकली. बिलं, महिन्याची विवरणपत्रं, एक्सपायरीचा परत जाणारा माल, कंपनीच्या ॲपवरची ऑर्डर, सगळं ती बघते. फोन आला की पलीकडचा माणूस विचारतो, 'साहेब आहेत का?' ती दादाला हाक मारते, दादा फोन घेतो आणि म्हणतो, 'थांबा हं, हिला विचारून सांगतो.' आम्ही घरात यावर हसतो. पण मैत्रिणींनो, या तिघींपैकी एकीचंही नाव एजन्सीच्या एकाही कागदावर नव्हतं.

सरकारी श्रमशक्ती पाहणीत अशा बाईला 'घरच्या उद्योगातील मदतनीस' म्हणतात. म्हणजे धंद्यात राबते, पण मोबदला नाही. देशात काम करणाऱ्या म्हणून मोजल्या गेलेल्या दर तीन बायकांमागे एकीहून जास्त अशा मदतनीस आहेत. आणि धंदा करते म्हणून तिचं घरकाम सुटतं का? २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बायकांची बिनपगारी घरकामाची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ८८. धंद्यातली पुडी बांधणं यात धरलेलंच नाही.

हे सगळं सुरळीत चालू असतं तोवर कुणाला काही वाटत नाही. आईलाही वाटत नव्हतं. 'आपलंच तर आहे' असं ती म्हणायची. प्रश्न येतो तो मृत्यू झाला, वाटणी झाली किंवा धंदा विकला की.

आमच्याकडे बाबा २०२२ साली वारले. बाबा आणि दादा अशा दोघांची भागीदारी होती. गाळा बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला, त्यांच्या एकट्याच्या नावावर. मृत्युपत्र नव्हतं. तेरावं झालं, आणि दोनच महिन्यांनी एक कागद तयार होऊन आला. हक्कसोडपत्र. मी आणि आईने गाळ्यावरचा हक्क दादाच्या नावे सोडायचा, विनामोबदला. कुणी वाईट बोललं नाही. नात्यातले मोठे लोक म्हणाले, 'बहिणीने माहेर तुटू देऊ नये. भाऊ साडी-चोळी करतोच आहे.' तुमच्यापैकी किती जणींनी हे वाक्य ऐकलं आहे? (सभेत बऱ्याच जणींनी हात वर केले.) बघा, अर्ध्याहून जास्त हात आहेत.

मी सही केली नाही. भांडलेही नाही. मी म्हटलं, आधी बसून हिशेब समजून घेऊ. दादा काही खलनायक नाही. तो उन्हातान्हात टेम्पो घेऊन फिरतो, धंदा त्यानेच टिकवला. त्याला भीती वाटत होती की मी गाळा विकायला लावीन आणि धंदा बसेल. ही भीती खोटी नव्हती. पण त्यावर उपाय म्हणून आईचा, माझा हक्क पुसून टाकणं हा कुठला न्याय?

आम्ही वकील बाईंकडे गेलो, तेव्हा पहिली गोष्ट कळली ती आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हती. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे, पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा हक्क असतो. त्याची आई! म्हणजे आमची आजी, जी तेव्हा ऐंशी ओलांडून कॉटवर बसलेली होती. तो तयार करून आणलेला कागद तिला विचारून झालाच नव्हता. चार वारस, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. आजीला हे समजावलं, तेव्हा ती म्हणाली, 'हिस्स्याचं नंतर बघा. माझ्या पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या, ते आधी वहीत लिहा.'

चोपन्न वर्षांनी ते लिहिलं गेलं. तुम्ही म्हणाल, त्याने काय झालं? मला वाटतं, घरात पहिल्यांदा सगळ्यांना कबूल करावं लागलं की या धंद्याचं पहिलं भांडवल बाईचं होतं.

दुसरी गोष्ट भागीदारीची. दोघांच्या भागीदारीतला एक वारला की ती भागीदारी संपते, आणि त्याच्या हिस्स्याचा हिशेब वारसांना द्यावा लागतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यात असंही आहे की, हिशेब पुरा न करता मागे राहिलेल्यांनी त्याच भांडवलावर धंदा चालू ठेवला आणि वेगळा काही करार नसेल, तर वारसांना त्या भांडवलावरचा नफा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज, यांतलं एक मागता येतं. म्हणजे 'धंदा काय, तो तर आता भावाचाच' असं आपोआप होत नाही.

वडिलोपार्जित मालमत्तेचं थोडं वेगळं आहे, तेही सांगते. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर कायदा बदलला, लग्न झालेली-न झालेली हा भेद गेला. तरी 'वडील २००५ च्या आधी वारले, मग तुला नाही' असं सांगितलं जायचं. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तेही स्पष्ट केलं. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असायची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या उकरून काढता येत नाहीत. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख बायकांना लागू आहे. मुस्लिम बहिणींना त्यांच्या कायद्यात ठरलेला हिस्सा आहे, पण भाऊ मागतो ती सही त्यांच्याकडेही तीच असते. सही कुणाचीही असो, एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं हक्कसोडपत्र रद्द करून घेणं फार अवघड जातं.

आता 'घरकाम म्हणजे काय भांडवल?' असं कुणी विचारलं तर एक निकाल लक्षात ठेवा. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटलं की नवरा बाहेर कमावत असताना बायको घर सांभाळते, म्हणून तर तो कमवू शकतो, त्यामुळे त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही सारखा वाटा आहे. आपल्याकडच्या प्रत्येक खटल्यात असाच निकाल लागेल असं मी म्हणत नाही. पण न्यायालयही आता हा हिशेब मांडू लागलं आहे.

आमच्या घरी काय ठरलं? सहा महिने लागले. दोनदा जेवणाचं ताट तसंच ठेवून दादा उठून गेला. शेवटी नवं भागीदारीपत्र झालं. दादा, आई आणि वहिनी असे तीन भागीदार. वहिनीला दरमहा ठरलेला मोबदला, तिच्या स्वतःच्या बँक खात्यात. भागीदारीपत्रात लिहिलेला असेल तर काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला आयकरात ठरावीक मर्यादेत खर्च म्हणून वजा होतो, हे कळल्यावर दादाचा सूरही जरा खाली आला. मी भागीदारी मागितली नाही, कारण मी तिथे काम करत नाही. गाळ्यात मात्र आजी, आई, दादा आणि मी अशी चौघांची नावं लागली. माझ्या हिश्शाचं भाडं मी घेते, थोडंच आहे, पण घेते. दोन नातेवाइकांनी आमच्याकडे येणं सोडलं. दिवाळीला दादाने ओवाळणी घातली, पण पहिल्यासारखा मोकळा बोलला नाही. हेही तुम्हाला सांगायला हवं. हक्क मागितला की काहीच बिघडत नाही, असं सांगून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही.

पान पसंदची जुनी जाहिरात आठवते का? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायची. एक मुलगी लग्नाला फटकन नकार देते. मग गोळी तोंडात टाकते आणि तेच शब्द इतके लाडिक म्हणते की नकाराचा होकार वाटावा. लोकांना ती फार आवडायची. पण बाईने 'नाही' म्हटलं की तिच्या तोंडात काहीतरी गोड घालायचं आणि त्याचा अर्थ 'हो' घ्यायचा, हे आपल्या घरांत रोज चालतं. साडी-चोळी ही तसलीच गोळी आहे. आपण गोड बोलू या, त्याला माझी हरकत नाही. गोड बोलून सही मात्र करायची नाही.

एका वेगळ्या वाटेचीही आठवण देते. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचं लिज्जत झालं. तिथे पापड लाटणारी बाई मालकीणच असते. जी राबते तिची मालकी, हे धंद्यात चालू शकतं, साठ वर्षांहून जास्त चालू शकतं, हे आपल्याच बायकांनी दाखवलेलं आहे.

आता शेवटी कामाचं. आपल्या गटांनी पुढच्या तीन महिन्यांत एवढं करावं, असं मी सुचवते.

पहिलं, प्रत्येक सभासद बाईने घरच्या धंद्याचे कागद बघायचे. मालक कोण, भागीदार कोण, गाळा कुणाच्या नावावर, जीएसटी कुणाच्या नावे, बँकखातं कुणाचं. कळत नसेल तर फोटो काढून आणा, आपण एकत्र वाचू.

दुसरं, महिनाभर वही ठेवायची. धंद्यासाठी आज मी काय केलं आणि किती वेळ. पापड वाळवले, मूर्तीला रंग दिला, उधारी मागितली, कामगारांना चहा केला, सगळं लिहायचं.

तिसरं, दागिना धंद्यात गेला असेल तर त्याचं वजन, साल आणि कारण लिहून ठेवायचं, शक्य तर नवऱ्याची सही घेऊन. स्त्रीधन बाईचंच असतं. अडचणीत नवऱ्याने वापरलं तरी ते परत करायचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं आहे.

चौथं, हक्कसोडपत्रावर त्याच दिवशी सही करायची नाही. 'गटात वाचून आणते' एवढं म्हणायचं. हे वाक्य एकटीला म्हणायला जड जातं, म्हणून दोघींनी बरोबर जायचं.

आणि पाचवं सासूबाईंसाठी. घरात कुणी वारलं तर म्हाताऱ्या आईचा हिस्सा कुणी विसरत नाही ना, हे सुनेने बघायचं. आमच्या घरी आजीचं नाव पहिल्यांदा लावायला धरलं ते वहिनीने.

माझं बोलणं संपलं. ज्यांनी कागद आणले आहेत, त्यांनी मागच्या खोलीत बसा. वकील बाई पाच वाजेपर्यंत आहेत.